मनापासून गायचंय? मग या चुका टाळा

रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात चहा पिताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "आज गाण्यात काही मजा नाही आली." मग खापर कीबोर्डवर फुटतं, माइकवर फुटतं, नाहीतर त्या दिवशी ढोलकीवर बसलेल्या पोराच्या डोक्यावर. वर्गणी जमते, नवा मिक्सर येतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच वाक्य. बिघाड तिथे नसतोच. गाणाऱ्यांचं शब्दांकडे लक्ष नसतं, एवढीच गोष्ट असते.

मनापासून गाणं म्हणजे चेहऱ्यावर भाव आणणं, हा समज एकदा पक्का झाला की पुढच्या सगळ्या चुका त्याच्या मागोमाग येतात. भाव हुकमी येत नाही. आला तर आला. पण आपण काय म्हणतोय ते समजून म्हणणं, आणि जे म्हटलं त्याच्या मागे उभं राहणं, हे हातातलं काम आहे. त्याची तयारी रविवारी सकाळी पावणेनऊला होत नाही.

खालचं सगळं इंदूरच्या मंडळ्या (चर्चमधले उपासक-समूह) डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. म्हणजे रविवारी बहुतेक गाणी हिंदी, घरच्या प्रार्थनासभेत काकू-मावश्यांची मराठी गीतं, आणि तरुणांच्या मोबाइलमध्ये इंग्रजी. तिन्ही ठिकाणी चुका मात्र त्याच.

चाल पाठ, शब्द वाऱ्यावर

शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर यूट्यूबची लिंक पडते. खाली लिहिलेलं असतं, "हे उद्या घ्यायचंय." तीनदा ऐकलं की चाल बसते, कारण चाल पटकन बसावी अशीच बांधलेली असते. शब्द? ते पडद्यावर येणारच आहेत. मग रविवारी सगळी टीम पडद्याकडे मान वर करून पुढची ओळ येण्याची वाट बघत गाते. ज्याला पुढची ओळ काय आहे हेच ठाऊक नाही, तो या ओळीचा अर्थ मनात कधी धरणार?

जुन्या मराठी गीतांत ही चूक जास्त महाग पडते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्याआधी मराठी मंडळ्यांत पुष्कळशी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं होती. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन उपासनेत रुजवलं. तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. तेव्हा त्यांची रचना अभंग वाचतात तशी वाचावी लागते. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण असतात, आणि वाक्य चरण संपला म्हणून संपत नाही, पुढच्या चरणात शिरतं. आपली मंडळी मात्र प्रत्येक चरणाच्या शेवटी भरपूर श्वास घेते, त्यात कोणीतरी खंजिरी वाजवून घेतं. पुढच्या चरणाच्या सुरुवातीला "ना" किंवा "नाही" असेल तर झालंच: अर्ध्या मंडळीने नुकतंच नेमकं उलट विधान केलेलं असतं, तेही हात जोडून.

यावर उपाय शाळेतला आहे आणि तो कोणाला आवडत नाही. अन्वय लावा. कडवं चालीशिवाय, उभं राहून, मोठ्याने दोनदा वाचा. मग वहीत तेच गद्यात लिहा: कर्ता कोण, क्रियापद कुठलं, कोण कोणाला काय म्हणतंय. क्रियापदाखाली रेघ मारा. मग गीताच्या कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करा, जिथे अर्थ थांबतो तिथेच. चार कडव्यांच्या गीताला पंधरा मिनिटं पुरतात. "एवढा वेळ कुठेय?" असं विचारणारी हीच पोरं कीबोर्डवर आवडता टोन शोधण्यात अर्धा तास घालवतात, म्हणून हा प्रश्न मनावर घेऊ नये.

अन्वय लावला की आणखी एक गोष्ट उघडी पडते. एकाच गीतात बोलण्याची दिशा दोन-तीनदा बदलते. पहिल्या कडव्यात देवाला "तू" म्हटलेलं असतं, दुसऱ्यात त्याच्याविषयी "तो" म्हणून सांगितलेलं असतं, आणि तिसऱ्यात "या हो सारे" अशी माणसांना हाक असते. हे तिसरं कडवं डोळे गच्च मिटून गाणारे पुष्कळ दिसतात. बोलावताय कोणाला? डोळे उघडा, मंडळीकडे बघा, शेजारच्या बाकावरच्या काकांना तुमचं बोलावणं पोचू द्या. "तू" असलेल्या ओळींना डोळे मिटले तर मिटोत. कागदाच्या समासात प्रत्येक कडव्यापुढे "देवाला", "लोकांना" किंवा "स्वतःला" एवढा एक शब्द लिहायची सवय लावा. सगळ्या अभिनयापेक्षा तो एक शब्द जास्त काम करतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन (पहिलं पत्र, १४:१५). हे वचन बॅनरवर खूप वेळा छापलं जातं, पण पुढचं सोळावं वचन सहसा कोणी छापत नाही. तिथे त्याचा मुद्दा असा आहे की तुझं बोलणं ज्याला कळत नाही, तो त्यावर आमेन कसा म्हणणार? म्हणजे समजणं हे फक्त गाणाऱ्यापुरतं नाही, शेजाऱ्याच्या आमेनसाठीसुद्धा आहे.

दुःखातल्या माणसाला हसायला लावणं

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक ही आहे, आणि ती करणारे सहसा सगळ्यात उत्साही असतात.

इथल्याच एका मंडळीतली गोष्ट. गीतांची यादी आधीच्या आठवड्यात ठरलेली: पाच गीतं, पाचही जलद केरव्यात (आठ मात्रांच्या तालात). मधल्या दिवसांत मंडळीतल्या एका बाईंचे यजमान गेले. दफनविधीला अर्धी मंडळी हजर होती, टीममधलेही दोघे होते. पण यादीला कोणी हात लावला नाही, कारण ट्रॅक तयार होते. रविवारी काकू मुलीबरोबर आल्या आणि नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसल्या. पहिल्या गीतानंतर माइकवरून फर्मान सुटलं: आज प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला पाहिजे, शेजाऱ्याकडे बघून हसा, हात मिळवा. काकूंनी हात मिळवले, हसल्यासुद्धा. दुसऱ्या गीतात, "अरे भिया, आवाज नहीं आया, एक बार और!" तिसऱ्या गीतात टाळ्या डोक्यावर. चौथ्याच्या मध्यात मुलगी आईला धरून बाजूच्या दाराने बाहेर घेऊन गेली. काकू रडत होत्या.

खरी गोष्ट पुढे आहे. उपासनेनंतर टीम गोलाकार उभी राहून आढावा घेत होती, तेव्हा एकाने समाधानाने सांगितलं, "आज आत्म्याने फार जोरात काम केलं. तिसऱ्या बाकावरच्या काकू तर रडायलाच लागल्या."

पाहिलंत, घोळ कुठे आहे? अश्रू दिसले की काम झालं, हा हिशेब एकदा डोक्यात बसला की अश्रू कशाचे आहेत हे विचारायचं सुचतच नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातलं विसावं वचन यांच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: खिन्न माणसापुढे गाणी गाणारा म्हणजे कडाक्याच्या थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणारा. डिसेंबरात पहाटे इंदूरच्या स्टेशनावर उतरलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि दुःखाचं गाणं "नकारात्मक" असतं, हे कोणी शिकवलं? स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं मूठभर नाहीत, ढीगभर आहेत. तेरावं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं. त्याच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो, आणि शेवटी गाण्याचा शब्द येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारातच संपतं. तेही उपासनेच्याच पुस्तकात ठेवलेलं आहे, कोणी कापून टाकलेलं नाही. बंदिशाळेत मध्यरात्री पौल आणि सीला गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५), हे वचन "हसत राहा" म्हणून सांगितलं जातं. त्यांना आधी फटके बसले होते आणि पाय खोड्यात होते, हे त्याच अध्यायात दोन वचनं वर लिहिलंय. ते चेहऱ्याने गात नव्हते.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त फोन उचलावा लागतो. यादी कितीही आधी केली असली तरी शुक्रवारी संध्याकाळी पाळकसाहेबांना तीन प्रश्न विचारायचे: कोण गेलं, कोण दवाखान्यात आहे, कोणाकडे काही चांगलं घडलं? उत्तर काहीही आलं तरी यादीत एक गीत असं ठेवायचं जे दुःखातला माणूस खोटं न बोलता गाऊ शकेल. लय मिनिटाला साठ-पासष्ट मात्रांच्या पुढे नको, टाळ्या नकोत. त्याआधी कोणीतरी तेरावं स्तोत्र सावकाश वाचावं, मिनिटभराचं काम आहे. त्या घरातलं कोणी उपासनेला आलं असेल तर उभं राहण्याची सक्ती करू नका, त्यांना बसून ऐकू द्या. मंडळी गाते ती त्यांच्या वतीनेही गाते.

आणि माइकवरून चेहऱ्याबद्दल, हातांबद्दल, आवाजाबद्दल हुकूम बंद. गीत चालवणाऱ्याला तीनच वाक्यं लागतात: गीत क्रमांक अमुक, उभे राहू या, शेवटचं कडवं वाद्यांशिवाय. बाकी सगळं भाषण आहे, आणि भाषणाला पाळकसाहेब आहेत.

धृपद संपतच नाही

हिशेब करून बघा. चार ओळींचं धृपद, प्रत्येक ओळीला केरव्याची दोन आवर्तनं, म्हणजे एकूण चौसष्ट मात्रा. लय मिनिटाला ऐंशी. एक धृपद अठ्ठेचाळीस सेकंदांचं झालं. सहा वेळा घेतलं की पावणेपाच मिनिटांच्या वर गेलं. तेवढ्यात उरलेली तीन कडवी आरामात गाऊन झाली असती. पण "वेळ नाही" म्हणून कापली जातात ती कडवीच. "पहिलं, दुसरं आणि शेवटचं घेऊ या" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की तिसरं कडवं छापतात तरी कशाला, असं वाटावं. चार कडव्यांच्या गीतात वळण बऱ्याचदा तिसऱ्यातच असतं: पहिल्यात माणसाची दशा, दुसऱ्यात हाक, तिसऱ्यात वधस्तंभ, चौथ्यात आपलं उत्तर. तिसरं गाळलंत की चौथ्यात मंडळी कशाला उत्तर देतेय ते तिलाच कळत नाही. "मी येतो" म्हणतात, कुठे ते राहून जातं.

पुनरावृत्ती वाईट नाही. एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात एकच ओळ सव्वीस वेळा येते. पण ते स्तोत्र उघडून बघा: प्रत्येक वेळी त्या ओळीच्या आधी नवं कारण दिलंय. आकाश, सूर्य, चंद्र, मिसर, समुद्र, रान, अन्न. कारण बदलतं म्हणून तीच ओळ दर वेळी वेगळी वाजते. आपल्या सहा धृपदांत कारण बदलत नाही, फक्त ड्रम चढतो आणि शेवटी कीबोर्डवाला एक पट्टी वर नेतो. पट्टी चढली की अंगावर काटा येतो, तो कुठल्याही गाण्याला येतो, लग्नाच्या बँडलाही येतो. त्याला भक्ती समजू नये.

संत ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने चौथ्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेल्या आपल्या "कबुलीजबाब" या ग्रंथाच्या दहाव्या भागात हे नेमकं पकडलंय. गायलेल्या गोष्टीपेक्षा गाणंच जास्त हलवतं तेव्हा आपल्या हातून पाप घडतं, असं तो लिहितो. तरीही तो गाणं बंद करा म्हणत नाही. खूप मागे-पुढे करून मंडळीत गाण्याच्या बाजूनेच झुकतो. त्या तोलाची आपल्याला गरज आहे. नुसतं "भावनिक होऊ नका" म्हणणारे कोरडे लोकही काही कामाचे नसतात.

सवय अशी ठेवा: प्रत्येक कडव्यानंतर धृपद एकदा, शेवटी दोनदा. तिसऱ्यांदा घ्यायचं असेल तर आधी कारण सांगता आलं पाहिजे, निदान स्वतःला. आणि प्रार्थनेच्या खाली सतत वाजत राहणारं ते कीबोर्डचं पॅड एक रविवार बंद ठेवून बघा. शांतता पडल्यावर कोणाला काय बोलावं सुचत नसेल, तर ते त्या पॅडखाली आजवर झाकलं जात होतं.

लयीबद्दल एक जाता जाता. अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित लयीत एकेका सुराला किती जागा दिली, ते इंदूर घराण्याच्या गावाला निराळं सांगायला नको. त्याच गावात एखादं साधं विनवणीचं गीत एकशे तीसच्या लयीत हाकताना निदान थोडा संकोच वाटावा.

पट्टी चढवून ठेवणं

हा गळ्याचा प्रश्न वाटतो, पण तो थेट मनापासून गाण्याचाच आहे. ज्याला सूर पोचत नाही तो एकतर गप्प होतो नाहीतर ओरडतो. दोन्ही वेळा त्याचं लक्ष गळ्यात असतं, शब्दांत नाही. गीत चालवणारा पोरगा रेकॉर्डिंगमधल्या गायकाची पट्टी जशीच्या तशी उचलतो, कारण त्याला ती जमते. मागच्या बाकांवरच्या साठीच्या लोकांना ती जमत नाही, आणि ते सांगतही नाहीत. फक्त ओठ हलवतात.

बायका-पुरुषांच्या मिश्र मंडळीसाठी माप असं आहे (पांढरी-काळी म्हणजे पेटीच्या पट्ट्या, सप्तकात डावीकडून मोजलेल्या). गीताचा सगळ्यात वरचा सूर बायकांच्या आवाजात वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ नये, आणि सगळ्यात खालचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या खाली उतरू नये. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. आता समजा गीत मंद्र (खालच्या) नी पासून तार (वरच्या) गंधारापर्यंत जातं आणि तुम्ही काळी एक धरली. तार ग पडतो पांढरी चारवर. गेली मंडळी! तीन पट्ट्या खाली येऊन काळी पाच धरा: तार ग बरोबर पांढरी दोनवर येतो आणि मंद्र नी पांढरी सहावर. दोन्ही टोकं मापात. हे पेटीवर दोन मिनिटांत बघून होतं. कागदाच्या कोपऱ्यात पट्टी लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "कुठून घेऊ?" अशी खुसपुस होत नाही. सकाळच्या उपासनेला आवाज जड असतात, त्यातून थंडी असेल तर आणखी एक पट्टी उतरवली तरी बिघडत नाही.

पट्टी जमली की नाही याची परीक्षा: एका कडव्याला सगळी वाद्यं आणि टीमचे माइक बंद करा. गाणं चालू राहिलं तर मंडळी गात होती. कोसळलं तर आजवर पाचच जण गात होते आणि बाकी ऐकत होते. पहिल्या वेळी बहुतेक ठिकाणी कोसळतं. घाबरून लगेच वाद्यं सुरू करू नका. तेच कडवं पुन्हा घ्या, जरा सावकाश.

मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीने १७६१ साली गीतांच्या संग्रहाला गाण्याचे सात नियम जोडले. त्यात दोन्ही गोष्टी आहेत: अर्धमेल्यासारखं गाऊ नका, आणि दुसऱ्यांचे आवाज दाबतील असं किंचाळूही नका. शेवटचा नियम असा की प्रत्येक शब्द गाताना लक्ष देवाकडे असू द्या. आपल्या मॉनिटर स्पीकरच्या भांडणांना यातले पहिले सहा लागू पडतात.

मोठमोठी वचनं, हलक्या तोंडाने

"सर्वस्व तुला दिलं", "जिथे नेशील तिथे येईन", "माझं असं काही उरलं नाही" अशा अर्थाच्या ओळी गीतांत पुष्कळ असतात. दानार्पणाच्या वेळी सर्वस्व देऊन झालं की खिशातली दहाची नोट चारदा चाचपली जाते. हसण्यावारी नेऊ नका, इथे माणूस खरोखर अडकतो: गावं तर खोटं, न गावं तर सगळे बघतात.

दोन वाटा आहेत. एक, ती ओळ मागणी म्हणून गायची. ओठांवर "दिलं" असलं तरी मनात "देववून घे" असू शकतं, आणि देवाला व्याकरण कळतं. दोन, ती एक ओळ सरळ सोडून द्यायची. चार सेकंद गप्प राहा, शेजारचे गातायत, ती ऐका, पुढची ओळ धरा. बघणारे बघोत. गीत निवडणाऱ्यानेही भान ठेवावं: एका उपासनेत शपथेची तीन-तीन गीतं घेतली की लोक शपथा घाऊक भावात द्यायला शिकतात.

आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याच बाजूला उभं राहून बंधुप्रेमाचं गीत गाणं, हे तर कमिटीच्या निवडणुकीनंतर दर वेळी घडतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं सांगितलंय. गाणं हेही अर्पणच. समेटाला शनिवारची संध्याकाळ बरी. रविवारी दारात घाईघाईने मारलेली मिठी दोघांनाही खरी वाटत नाही. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव गाण्यांचा गलबला दूर करा म्हणतो. ते सूर चुकले म्हणून म्हणत नाही. बाहेर गरिबाचा न्याय विकला जातोय म्हणून म्हणतो.

बाकीच्या, झटपट

हात वर केलेला माणूस जास्त भक्त आणि हाताची घडी घातलेला कोरडा, असा पंचनामा करू नका. घडीवाल्या काकांना चारही कडवी पाठ असतात.

विशेष गीतानंतर (मंडळीने ऐकायच्या गीतानंतर) टाळ्या वाजल्याच तर मान लववून स्वीकारू नका, जागेवर जाऊन बसा.

कराओके ट्रॅकवर मंडळीचं गीत घेऊ नका. ट्रॅक थांबत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वास थांबतो.

हरकती, मुरक्या सगळ्या विशेष गीतात घ्या. मंडळीच्या गीतात तिसऱ्या ओळीवर तान मारलीत की मागचे सगळे थांबून तुमच्याकडे बघतात.

गाताना स्वतःचा व्हिडिओ काढणं. यावर काही लिहायची गरज नसावी.

माइकला एको इतका लावू नका की व्यंजनं विरघळतील. शब्द ऐकू येत नसतील तर अन्वय लावून काय उपयोग?

पडद्यावर ओळी तोडताना वाक्य तोडू नका. एका पानावर पूर्ण कडवं मावत नसेल तर अर्थ जिथे थांबतो तिथे पान बदला, आणि पान शेवटच्या शब्दावर नव्हे, त्याच्या दोन शब्द आधी बदला.

मनच लागत नसेल तर

हे सगळं करूनही काही रविवारी आत काहीच हलत नाही. झोप कमी झालेली असते, घरात कटकट असते, नाहीतर काहीच कारण नसतं. अशा वेळी नवशिके दोनच गोष्टी करतात: जोर लावतात किंवा गाणं सोडतात. दोन्ही नको. आवाज निम्मा करा आणि फक्त नामं आणि क्रियापदं धरून चाला: कोण, काय करतो. एका गीतात एकच ओळ पकडा, जी आज खरी वाटते, आणि ती आली की तेवढी पूर्ण म्हणा. बाकी गीत मंडळीबरोबर चालत राहा. कोरडेपणाने गायलेलं खरं गीत हे खोटेपणाने गायलेल्या ओल्या गीतापेक्षा बरं. घरी आल्यावर संध्याकाळी तेच गीत पेटीशिवाय एकट्याने म्हणून बघा, चार भिंतींत कोणी ऐकत नसताना. तिथेही ते नाटकी वाटलं, तर गीत बदला. प्रत्येक गीत प्रत्येकाच्या तोंडचं नसतं.

उलटं झालं, गाताना गळा दाटला, तर माइकवर रडत गाऊ नका. माइक बाजूच्याला द्या, दोन ओळी थांबा. तुमच्या रडण्याकडे बघणारी मंडळी तेवढा वेळ देवाकडे बघत नसते.

आता डिसेंबर आला की कॅरल फेऱ्या निघतील, तेव्हा हेही आधीच ठरवून ठेवा. एका रात्रीत सहा घरांच्या वर जाऊ नका. सातव्या घरापासून सगळे यंत्रासारखे गातात आणि डोक्यात सराफ्यातले गराडू असतात. प्रत्येक घरी दोनच गीतं, पण दोन्ही पूर्ण कडव्यांनिशी, आणि त्यातलं एक त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून. आजी जे गीत सांगतील ते बहुधा तुमच्या यादीत नसेल आणि कोणाला येतही नसेल. मग त्यांनाच सुरू करू द्या, तुम्ही पेटीवर मागून सूर धरा, आणि त्यांच्या पट्टीत धरा.